उतरत्या छपराचे वासे : मापणे, आखणे आणि कापणे

खानदेशातील जुन्या गावठाणांत धाब्याची घरे अजूनही ओळीने उभी दिसतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडांची किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर अशा या छपरात प्रत्येक लाकूड आडवेच पडते. त्यामुळे दोन भिंतींमधले अंतर मोजले आणि टेकण्यापुरती लांबी दोन्ही बाजूंना वाढवली, की कडीचे माप तयार होते. उतरत्या छपराचे तसे नसते. वासा तिरका बसतो, त्याचा माथा आढ्यावर, म्हणजे छपराच्या शेंड्यावरच्या आडव्या तुळईवर, टेकतो, खालचा भाग भिंतीवर टेकतो आणि शेपूट वळचणीपर्यंत बाहेर जाते. या तिन्ही ठिकाणी लाकूड वेगवेगळ्या रीतीने कापावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याला आणि नवापूर-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात कौलारू घरे पूर्वीपासून आहेत, त्यामुळे तिथल्या सुतारांच्या हातात ही आखणी मुरलेली असते. सपाट भागात मात्र मळ्यातल्या घरावर किंवा अंगणातल्या खोलीवर स्लॅबऐवजी कौले घालायची ठरली, की पुष्कळदा एकेक वासा वर चढवून, तिथेच खूण करून आणि खाली उतरवून कापला जातो. या पद्धतीने छप्पर होते, नाही असे नाही. पण प्रत्येक वासा आपापल्या भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे कापला जातो आणि वर रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, ठोकल्या, की पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, लाटा दिसू लागतात.

त्याऐवजी एकच वासा जमिनीवर नीट आखून त्यावरून बाकीचे सगळे कापणे हा मार्ग सोपा आहे. त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या काटकोन त्रिकोणापलीकडे जात नाही. मात्र एक शिस्त शेवटपर्यंत पाळावी लागते : प्रत्यक्ष मोजमाप नेहमी आडवे किंवा उभे घ्यावे, तिरकी लांबी त्यावरून काढावी, आणि लाकडावर आखताना प्रत्येक खूण वाशाच्या वरच्या कडेपासून घ्यावी. पुढे जे सांगितले आहे, ते बहुतेक या एका शिस्तीचाच विस्तार आहे.

उदाहरणासाठी एक खोली धरू. आढ्याला समांतर असलेल्या दोन भिंती बाहेरून १२ फूट लांब आहेत आणि त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर १६ फूट आहे. उरलेल्या दोन सोळा फुटी भिंती वर त्रिकोणी चढवलेल्या आहेत आणि आढे त्यांच्या शेंड्यांवर टेकते. छप्पर मंगळुरी कौलांचे आणि दुपाखी आहे.

उतार किती ठेवावा

उतार सांगण्याची सर्वांत सोयीची रीत म्हणजे एक फूट आडव्या अंतराला किती इंच चढ, ती. मंगळुरी कौलांना फुटाला सहा इंच हा उतार मी किमान मानतो. म्हणजे साधारण साडेसव्वीस अंशांचा कोन. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या कमी पावसाच्या भागात तो पुरतो. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या बाजूला पाऊस बराच जास्त आणि झडीचा असल्यामुळे तिथे सात किंवा आठ इंच ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण उतार कमी पडला तर वाऱ्यासोबत आलेले पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत शिरते. पत्र्याला फुटाला अडीच-तीन इंचही चालतात.

खानदेशात पावसाइतकाच विचार वाऱ्याचा करावा लागतो. रावेर, यावल, चोपडा या भागात मे-जूनमध्ये येणारी वादळे केळीच्या बागा आडव्या करतात आणि त्याच तडाख्यात घरांचे पत्रे उडतात. वारा छपराला वरून दाबण्यापेक्षा वळचणीखालून उचलतो. म्हणून वळचण फार लांब काढू नये. भिंतीवर पाणी येऊ नये आणि वाऱ्यालाही फार हात लागू नये, असा मध्य साधायचा, तर दीड फूट आडवे अंतर बरे. आपल्या उदाहरणात उतार फुटाला सहा इंच आणि वळचण दीड फूट धरली आहे.

लाकूड आणि त्याची लांबी

वाशांसाठी साग सर्वांत चांगला. तो कमी वळतो आणि वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. सादडाही चालतो, पण तो जड असतो आणि नीट वाळलेला नसेल तर फाटतो. शेतातली बाभूळ किंवा निंब कापून लगेच वासे काढण्याचा मोह अनेकांना होतो. ओले लाकूड मे महिन्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वर चढवले, तर पाऊस येण्यापूर्वीच ते पीळ घेते आणि मग कितीही काटेकोर कापलेली खाच भिंतीवर सपाट बसत नाही. चिरलेला माल सावलीत, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवून रचावा आणि दोन्ही टोकांना रंग किंवा डांबर लावावे, म्हणजे टोकाकडून तडे जात नाहीत. वखारीतून घेतलेल्या लाकडाची पावती जपून ठेवावी. सागाच्या बाबतीत वाहतुकीच्या कागदांची विचारणा होऊ शकते.

उदाहरणात वासे अडीच इंच जाड आणि पाच इंच उंच, आढे चार इंच जाड आणि आठ इंच उंच, आणि भिंतीच्या माथ्यावर लांबीने टाकलेली पाटली, जिला इंजिनिअर वॉलप्लेट म्हणतात, ती चार इंच रुंद आणि तीन इंच जाड धरली आहे. ही मापे आखणी समजावण्यासाठी आहेत. कौलांचे वजन, लाकडाची जात आणि अंतर यांवरून खरी मापे इंजिनिअरकडून ठरवून घ्यावीत, विशेषतः आढ्याचे, कारण छपराचा निम्मा भार त्या एका लाकडावर येतो.

वासे दोन-दोन फुटांवर ठेवले, तर १२ फुटांत सहा खण पडतात आणि एका पाख्याला सात वासे लागतात. दोन्ही पाखे मिळून चौदा. खण मोजून तेवढेच वासे आणणारे लोक दर वेळी एक जोडी कमी आणतात. प्रत्येकी ११ फूट लांबीचे चौदा वासे म्हणजे जवळपास साडेतेरा घनफूट लाकूड होते. अकरा फूटच का, ते पुढे हिशेबात येईल. एखाद्या वाशात गाठ नेमकी खाचेच्या जागी येते किंवा चीर निघते, म्हणून एक वासा जास्तीचा घ्यावा.

आधी भिंती तपासाव्यात

वासे चुकले असे ज्याला म्हटले जाते, ती चूक बऱ्याचदा भिंतीची असते. गवंड्याने १६ फूट सांगितले म्हणून ते १६ फूट धरू नयेत. दोन्ही वॉलप्लेटा भिंतीवर सैल ठेवून त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये, असे किमान तीन ठिकाणी मोजावे. नंतर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजावेत. १२ आणि १६ फुटांच्या आयताचा कर्ण बरोबर २० फूट येतो, त्यामुळे इथे तपासणी अगदी सोपी आहे : दोन्ही कर्ण २० फूट भरले, तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला, तर चौकट तिरपी आहे. अर्धा-पाऊण इंचाचा फरक वॉलप्लेट भिंतीवर थोडी आत-बाहेर सरकवून मोडता येतो, आणि तो तिथेच मोडावा. वासे लहान-मोठे कापून तो लपवायला गेले, तर फरक नाहीसा होत नाही, फक्त वर आढ्याजवळ जाऊन बसतो.

त्यानंतर पातळी. लेव्हलच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही प्लेटांचे माथे एका पातळीत आहेत का, ते चारही कोपऱ्यांवर पाहावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पाणी खोटे सांगते. म्हणून मोजण्यापूर्वी नळीची दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी सारख्या उंचीवर येते का, ते बघून घ्यावे. प्लेट जिथे खाली असेल, तिथे खाली मसाला भरावा. लाकडाच्या चिपा भरून काम भागवू नये, कारण चिपा पुढे आकसतात. प्लेट भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात आधीच बसवलेल्या बोल्टांनी, साधारण चार-चार फुटांवर, आवळलेली असावी. वादळात छप्पर उचलले जाते तेव्हा वासा प्लेटला धरून राहतो, पण प्लेट भिंतीला कोणी धरलेली नसेल, तर दोन्ही मिळून जातात.

हिशेब

आढ्याची मध्यरेषा दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये आहे. म्हणून एका वाशाचे आडवे अंतर, प्लेटच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यापर्यंत, १६ फुटांचे निम्मे म्हणजे ८ फूट, अर्थात ९६ इंच. फुटाला सहा इंचांप्रमाणे चढ ४८ इंच. आता ९६ चा वर्ग ९२१६ आणि ४८ चा वर्ग २३०४; बेरीज ११५२०; तिचे वर्गमूळ १०७.३३. म्हणजे तिरकी लांबी १०७ इंच आणि इंचाचा एक तृतीयांश भाग. एका इंचाचे आठ सूत धरले, तर ८ फूट ११ इंच आणि साधारण अडीच सूत.

या हिशेबाची पडताळणी दुकानातल्या प्लायवूडवरही होते. प्लायचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फूट असतो, म्हणजे नेमका आपला त्रिकोण. ताव बरोबर काटकोनात असेल, तर टेपने त्याचा कर्ण मोजावा; ८ फूट ११ इंच अडीच सूतच भरतो.

दर वेळी वर्गमूळ काढायचे नसेल, तर एक फूट आडव्या अंतराची तिरकी लांबी पाठ असली तरी पुरते. चढ तीन इंच असेल तर ती १२.३७ इंच, चार इंचांना १२.६५, पाच इंचांना बरोबर १३, सहा इंचांना १३.४२, सात इंचांना १३.८९ आणि आठ इंचांना १४.४२ इंच. आडवे अंतर जितके फूट, तितक्या पटीने हा आकडा घ्यावा. गुणाकार मोबाइलवर करावा आणि दशांश शेवटपर्यंत सोडू नयेत, १३.४२ ऐवजी साडेतेरा धरले, तर आठ फुटांत पाऊण इंचाच्या आसपास फरक पडतो.

वळचणीचे आडवे अंतर १८ इंच आहे. त्याची तिरकी लांबी दीडपट १३.४२, म्हणजे २० इंच १ सूत. दोन्ही मिळून वाशाच्या वरच्या कडेची लांबी १२७.४६ इंच, अर्थात १० फूट ७ इंच साडेतीन सूत. मग पावणेअकरा फुटांचे लाकूड का चालत नाही? कारण दोन्ही टोके ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत आणि म्हणून लाकडाच्या मानाने तिरकी, कापायची आहेत. पाच इंच उंचीच्या वाशात या उताराला वरची आणि खालची कड एकमेकींपासून अडीच इंच सरकतात. ते अडीच इंच मिळवले की जवळपास १० फूट १० इंच होतात. म्हणून ११ फूट.

वळचणीमुळे आणखी एक गोष्ट आताच पाहून घ्यावी. दीड फूट बाहेर गेलेला वासा प्लेटच्या माथ्यापासून नऊ इंच खाली उतरतो, आणि खाचेखालचे सुमारे दीड इंच लाकूड (त्याचा हिशेब पुढे येतो) धरले तर त्याची खालची कड साडेदहा इंच खाली येते. ओट्याच्या बाजूला दार असेल आणि प्लेट आठ फुटांवर असेल, तर वळचण सात फूट दीड इंचावर येईल. तिथे पुढे पडवी वाढवण्याचा विचार असेल, तर तो भिंत उचलतानाच करावा.

आढे किती उंचीवर बसवावे

या एका जागी अनुभवी माणसेही घसरतात, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. चढ ४८ इंच निघाला म्हणून आढ्याचा माथा प्लेटच्या माथ्यापासून ४८ इंचांवर बसवला जातो. नंतर वासे ठेवले, की ते आढ्यावर टेकतात आणि भिंतीवर मात्र खाच अधांतरी राहते. मग खाच आणखी खोल कोरली जाते, वासा तिथे दुबळा होतो आणि उतारही बदलतो.

असे होते, कारण ४८ इंचांचा चढ ज्या कल्पित रेषेवर मोजला, ती रेषा वाशाच्या खालच्या कडेवर नसून खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून जाते. भिंतीवर वासा खाचेइतका खाली उतरलेला असतो. म्हणून त्याची खालची कड आढ्याच्या मध्यावर येईपर्यंत ४८ इंचांपेक्षा तेवढीच खाली असते. आपल्या पाच इंची वाशाची उंची ओळंब्याच्या रेषेत मोजली, तर ती ५.५९ इंच भरते. त्यातले वरचे चार इंच खाचेवर राखायचे ठरवले, तर खाच उभ्या मापात दीड इंच आणि पाऊण सूत होते. लाकडाला काटकोनात मोजली तर तिची खोली १.४२ इंच, म्हणजे पाच इंचांच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. आणि ही मर्यादा सहसा ओलांडू नये. खाचेची आडवी बैठक सव्वातीन इंचांना थोडी कमी पडते आणि चार इंची प्लेटवर ती नीट मावते.

म्हणून आढ्याचा माथा प्लेटच्या माथ्यापासून साडेसेहेचाळीस इंचांवर बसवावा. माथ्याकडे वाशाच्या वरच्या कडेपासून आढ्यावरच्या बैठकीपर्यंत उभे साडेपाच इंच ठेवावेत. भिंतीवर चार आणि आढ्यावर साडेपाच, यांतला फरक दीड इंच. आणि ४८ वजा ४६.५ हाही दीड इंच. हे दोन फरक सारखे आले, की वासा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी टेकतो. उतार, लाकूड किंवा खोलीची रुंदी बदलली तर आकडे बदलतील, पण हा मेळ बसलाच पाहिजे.

आढे बसवताना दोन्ही त्रिकोणी भिंतींवर मध्यरेषा ओळंब्याने वर घ्यावी, जमिनीवरून टेप लावून अंदाजाने नव्हे. आढ्याचे भिंतीत जाणारे टोक डांबराने रंगवून भोवती थोडी हवा खेळायला जागा ठेवावी, कारण वाळवी आणि ओल या दोघी तिथूनच आत शिरतात. असे भक्कम आढे वाशांचे माथे उचलून धरते, त्यामुळे वासे भिंतींना बाहेर ढकलत नाहीत. त्रिकोणी भिंती नसतील, किंवा आढ्याच्या जागी नुसती पातळ फळी असेल, तर समोरासमोरच्या वाशांना प्लेटच्या पातळीवर आडवे लाकूड जोडून कैची करावीच लागते. अन्यथा काही पावसाळ्यांत भिंतीचा माथा बाहेर झुकतो. मातीच्या विटांच्या जुन्या भिंतींवर नवे कौलारू छप्पर चढवताना हे विशेष सांभाळावे.

फर्मा आणि नमुन्याचा वासा

बाजारातला लहान गुण्या वाशाच्या आखणीला अपुरा पडतो. १२ मिलिमीटर प्लायचा एक काटकोन त्रिकोण कापावा, हाच आपला फर्मा : एक बाजू २४ इंच, दुसरी १२ इंच. तिसरी, तिरकी बाजू २६.८३ इंच भरली पाहिजे. ती भरली, तर काटकोन बरोबर. या तिरक्या बाजूवर दोन्ही अंगांनी एक-एक सरळ पट्टी ठोकावी. पट्टी वाशाच्या वरच्या कडेला टेकवून धरली, की फर्म्याची बारा इंची बाजू ओळंब्याची रेघ देते आणि चोवीस इंची बाजू पाणसळीची, म्हणजे आडव्या पातळीची. दोन्ही अंगांना पट्टी असल्याने फर्मा उलटवून वाशाच्या दुसऱ्या तोंडावरही तीच आखणी करता येते.

वासा दोन लाकडी घोड्यांवर ठेवण्यापूर्वी त्याच्या कडेने एक डोळा मिटून पाहावे. प्रत्येक लाकडाला थोडा बाक असतोच. तो वर येईल अशी कड वरची ठरवावी आणि तिच्यावर ठळक खूण करावी. कौलांचे वजन पडले, की बाक उतरतो. खाली बाक ठेवला, तर तोच वजनाने वाढतो.

आता आखणी. माथ्याकडच्या टोकापासून थोडे आत फर्मा लावून ओळंब्याची पहिली रेघ ओढावी. ही आढ्याची मध्यरेषा. ही रेघ वरच्या कडेला जिथे मिळते, तिथे टेपचे टोक धरून १०७ इंच अडीच सूत मोजावे, आणि तिथे दुसरी ओळंब्याची रेघ ओढावी. ही भिंतीची बाहेरची कड. तिच्यापुढे २० इंच १ सूत मोजून तिसरी रेघ. हे वळचणीचे टोक. तिन्ही अंतरे एकाच टेपने आणि वरच्या कडेवरच मोजावीत. टेपच्या टोकाचा हुक सैल असेल, तर दहा इंचांच्या खुणेपासून मोजण्याची पद्धत चांगली, पण शेवटी ते दहा इंच मिळवायला विसरू नये.

दुसऱ्या रेघेवर वरच्या कडेपासून खाली चार इंच मोजून बिंदू करावा. त्या बिंदूपासून माथ्याच्या दिशेने पाणसळीची रेघ ओढली, की ती वाशाच्या खालच्या कडेला जाऊन मिळते. ही रेघ आणि बिंदूखालची ओळंब्याची रेघ, या दोहोंमधला त्रिकोणी तुकडा म्हणजे भिंतीची खाच. पहिल्या रेघेवर वरच्या कडेपासून साडेपाच इंच खाली दुसरा बिंदू करावा. तिथून वळचणीच्या दिशेने दोन इंच पाणसळीची रेघ आणि तिच्या टोकाहून ओळंब्याची रेघ खाली ओढावी. चार इंच जाड आढ्याचे निम्मे म्हणून दोन इंच. ही खाच लहान असते, उभ्या बाजूला एक इंचाहून किंचित जास्त.

सगळे वरच्या कडेपासून का मोजायचे, ते इथे उघड होते. आरागिरणीतून आलेले वासे पाच इंची म्हटले तरी एखादा दोन सूत जास्त भरतो, एखादा एक सूत कमी. वरून मोजल्यावर हा कमी-जास्तपणा खालच्या कडेला, खाचेच्या खोलीत जातो आणि वरचा पृष्ठभाग एका पातळीत राहतो. रिपा आणि कौले त्यावरच बसणार आहेत.

वासे आढ्याच्या माथ्यावर न टेकवता त्याच्या बगलेला भिडवायचे असतील, तर मध्यरेषेपासून आढ्याच्या निम्म्या जाडीइतके मागे येऊन कापावे लागते. हे मागे येणे आडव्या मापात, म्हणजे ओळंब्याच्या रेघेला काटकोनात मोजावे. वाशाच्या कडेने तिरके मोजले, तर तेवढा भाग कमी सुटतो आणि वासा लांब राहतो. अशा जोडाला खालून लोखंडी आधारही द्यावा लागतो, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये.

कापणी

ओळंब्याचे काप हातकरवतीने किंवा विजेच्या करवतीने, रेघ शाबूत राहील असे, टाकाऊ बाजूने घ्यावेत. खाचेच्या बाबतीत विजेच्या करवतीचा एक धोका आहे. तिचे पाते गोल असल्यामुळे वरच्या तोंडावर रेघ संपते, तेव्हा खालच्या तोंडावर काप अजून कोपऱ्यापर्यंत पोहोचलेला नसतो. तो पोहोचवण्यासाठी करवत रेघेपुढे नेली, की कोपऱ्याच्या पलीकडे चीर पडते. खाचेमुळे वासा आधीच दुबळा झालेला असतो त्या जागी अशी चीर म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. करवत कोपऱ्याच्या थोडी अलीकडे थांबवावी आणि उरलेले हातकरवतीने व पटाशीने साफ करावे. बैठक पटाशीने सपाट करताना गुण्याची कड तिच्यावर टेकवून खालून उजेड दिसतो का, ते पाहावे. मध्ये फुगवटा राहिला तर वासा त्यावर डुलतो.

पहिला वासा कापून झाल्यावर त्याच्यावरून फक्त दुसरा कापावा आणि दोन्ही वर चढवावेत. एका टोकाला समोरासमोर बसवून माथ्यावर दोन्ही भिडतात का, खाचा प्लेटच्या बाहेरच्या कडेला चिकटतात का, आणि आढ्यावर बैठक सपाट आहे का, हे तपासावे. मग तीच जोडी मध्यावर आणि दुसऱ्या टोकाला नेऊन पाहावी. माथ्यावर वरच्या बाजूला फट दिसली आणि खाली वासे भिडले, तर आढे वर गेले आहे किंवा उतार चुकला आहे. फट सगळीकडे सारखी असेल, तर वासे आखूड आहेत किंवा प्लेटा बाहेर सरकल्या आहेत. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असेल, तर वाशांना हात न लावता पुन्हा भिंतींकडे पाहावे.

जोडी सर्वत्र बसली, की त्यातल्या एका वाशावर ठळक अक्षरांत ‘नमुना’ लिहावे आणि उरलेले सर्व वासे त्याच्यावरून आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असे कधीही करू नये, कारण पेन्सिलीच्या रेघेची जाडी प्रत्येक वेळी मिळत जाते आणि शेवटचा वासा दोन-तीन सूत लांब निघतो. वळचणीची शेपटी मात्र इंचभर लांब ठेवून सगळे वासे वर बसवल्यानंतर दोन टोकांमध्ये दोरी ताणून एका रेषेत कापली, तर वळचण सरळ दिसते. लांबूनही लोकांच्या नजरेत पहिली तीच भरते.

बसवताना

काम सकाळी लवकर सुरू करून उन्हाच्या आत आवरावे. दुपारी मचाणावर उभे राहून कोणाचेही हात स्थिर राहत नाहीत. प्रथम दोन्ही टोकांच्या जोड्या बसवून त्यांच्यामध्ये वरच्या कडेला दोरी ताणावी आणि मधल्या जोड्या दोरीला लावून घ्याव्यात. समोरासमोरचे वासे जोडीनेच बसवावेत. एक पाखे पूर्ण करून मग दुसरे घेतले, तर आढ्यावर एकाच बाजूचा भार येऊन ते सरकते. सागात चार इंची खिळा थेट ठोकला की टोकाजवळ लाकूड फाटते. खिळ्यापेक्षा थोड्या बारीक भोकाने आधी ड्रिल करावे. भिंतीवर प्रत्येक वाशाला दोन्ही बाजूंनी तिरपे खिळे द्यावेत, आणि त्याखेरीज वाशावरून वळसा घेऊन प्लेटला दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी लावावी. खिळे वाशाला सरकू देत नाहीत, पण उचलून धरणाऱ्या वाऱ्यापुढे ते उपटून येतात. तिथे पट्टीच टिकते. माथ्यावर समोरासमोरचे दोन वासे एकमेकांना पट्टीने किंवा बोल्टने बांधावेत.

रिपांचे अंतर ठरवण्यापूर्वी आणलेल्या कौलांपैकी दहा-बारा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मांडावीत आणि दोन ओळींमधले अंतर प्रत्यक्ष मोजावे. मंगळुरी कौलांत ते सव्वाबारा-साडेबारा इंचांच्या आसपास येते, पण भट्टीगणिक थोडे फिरते. पाख्याची तिरकी लांबी या अंतराने भागून पूर्ण संख्या येत नसेल, तर उरलेला फरक सर्व रिपांमध्ये थोडा-थोडा वाटावा. कौलाची खाच जितकी सैल असेल, तितकी ही सवलत मिळते. आढ्याजवळ अर्धे कौल कापून बसवण्याची वेळ आली, तर त्याच्या खालून पाणी येणारच, हे धरून चालावे.

छपरावरील लाकूड पहिल्या उन्हाळ्यात थोडे आकसते. पुढच्या मे महिन्यात, वादळे सुरू होण्याआधी, प्लेटचे बोल्ट आणि पट्ट्यांचे स्क्रू एकदा फिरवून पाहावेत; जवळजवळ प्रत्येक बोल्ट पाव ते अर्धा वेढा घेतो.